बँजो, गुझेंग आणि तुवाचा गळा

मित्रहो, दोन देशांची वाद्यं एका मंचावर बसवली, मागून ड्रम लावला, की त्याला सर्रास फ्यूजन म्हणतात. मला ते मान्य नाही. समोरच्याच्या संगीताची तालीम अंगात मुरायला हवी.

पॉल पेना हा सॅन फ्रान्सिस्कोचा अंध गायक, ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गायकीतला. १९८४ साली शॉर्टवेव्ह रेडिओची सुई फिरवताना रेडिओ मॉस्कोवर त्याला एकाच गळ्यातून दोन स्वर ऐकू आले. गाणं होतं तुवाचं. तुवा रशियात, मंगोलियाच्या सीमेला लागून; मंगोल लोकही ही गायकी जपून आहेत. खाली एक स्वर धरून ठेवायचा आणि जीभ, ओठ हलवत त्याच स्वराचे उपस्वर शिट्टीसारखे वर काढायचे. तंबोऱ्याच्या जव्हारीतून गंधार ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पेना रेकॉर्ड ऐकून स्वतःच शिकला. तुवा भाषेसाठी आधी तुवा-रशियन कोश, मग रशियन-इंग्रजी, असा दुहेरी खटाटोप त्याने केला. १९९५ साली तो तुवाची राजधानी किझिलला स्पर्धेत उतरला आणि 'कार्गिरा' या खर्जाच्या प्रकारात पहिला आला. तिथल्या लोकांनी त्याला 'भूकंप' म्हटलं. ब्लूजने घासलेला तो भरडा आवाज त्या खर्जाला असा काही लागला की परकेपणा उरलाच नाही.

दुसरं उदाहरण अबिगेल वॉशबर्न या अमेरिकन गायिकेचं. ती चिनी शिकली ती चीनमध्ये कायद्याचं शिक्षण घ्यायच्या इराद्याने. मग डॉक वॉटसन या अमेरिकन लोकगायकाचं गाणं कानावर पडलं आणि तिने बँजो हातात घेतला. तिची जोडीदार वू फेई मूळची बीजिंगची, अमेरिकेत नॅशव्हिलला स्थायिक झालेली. ती गुझेंग हे आडवं ठेवून छेडायचं चिनी तंतुवाद्य वाजवते. दोघींचा अल्बम २०२० साली स्मिथसोनियन फोकवेज या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने काढला.

गुझेंगला २१ तारा, प्रत्येकीखाली सरकती घोडी, म्हणजे तार उचलून धरणारा आधार. तारा साधारणपणे पाच स्वरांत लावतात. सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाचेच. अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या कितीतरी जुन्या चालीही पाच स्वरांत बसतात, म्हणून एकीला दुसरीसाठी मुरड घालावी लागत नाही. फरक हातांत आहे. गुझेंगवर उजवा हात तार छेडतो, डावा घोडीच्या पलीकडे तीच तार दाबतो आणि स्वर वर चढतो. वॉशबर्नच्या बँजोवर नख वरून खाली तारेवर पडतं, पाठोपाठ अंगठा आखूड पाचवी तार वाजवतो. ही पाचवी तार एकच स्वर धरून राहते. हा बँजोही मूळचा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा, हे विसरून अमेरिकन लोकसंगीताबद्दल बोलताच येत नाही.

आता त्या अल्बममधला एक तुकडा लावतो. त्यात अमेरिकेतल्या भटक्या काउबॉयचं गाणं आणि चीनमधल्या शिनजियांगचं 'अवारगुली' हे प्रेमगीत एकत्र गुंफलं आहे. पाचव्या तारेवर कान ठेवा, आणि गुझेंगचा स्वर नेमका कुठे वाकतो ते पकडा.