सायकलवरून वात फू, दक्षिण लाओस

समोरचा डोंगर बघा, माथ्यावर तो सुळका दिसतोय ना, तो जुन्या लोकांना शिवलिंगासारखा दिसला आणि त्यांनी अख्ख्या डोंगरालाच लिंगपर्वत म्हटलं. म्हणजे आजचं वात फूचं देऊळ उभं राहायच्या कितीतरी आधीपासून ही जागा शंकराचीच.

आपण चंपासाकला आहोत, मेकाँगच्या काठावर. इथे गेस्टहाउसवर सायकल भाड्याने मिळते, वात फू आठ-दहा किलोमीटर, रस्ता सपाट, बाजूला भातखाचरं आणि खांबांवर उभी लाकडी घरं, फक्त सकाळी लवकर निघा कारण नंतर ऊन फार चढतं. टुकटुक पण मिळते, तरी सायकलच घ्या, डोंगर वाटभर नजरेसमोर राहतो. याच नदीकाठी जुनं नगर होतं, तिथे 5व्या शतकातला संस्कृत शिलालेख सापडलाय आणि त्यात देवानीक नावाचा राजा कुरुक्षेत्र नावाचं तीर्थ स्थापन केल्याचं सांगतो. कुरुक्षेत्र, मेकाँगच्या काठी! मला तर वाचून काटाच आला.

आता दिसतंय ते ख्मेर, म्हणजे अंगकोर वाट बांधणाऱ्या लोकांचं, बांधकाम बरंचसं 11व्या-12व्या शतकातलं. आधी मोठे तलाव, मग दगडी खांबांमधून सरळ वाट, दोन्हीकडे पडझड झालेले वाडे, वालुकाश्म आणि आपल्या कोकणात असतो तसला जांभा, पुढे नंदीमंडप. मग पायऱ्या, उंच आणि वेड्यावाकड्या, कडेला चाफ्याची झाडं, इथे घाई नको.

वर आलात की दारावरचं कोरीव काम बघा, कृष्ण कंसाला मारतोय, ऐरावतावर इंद्र बसलाय. गाभाऱ्यात आता बुद्धमूर्ती आहेत.

पण खरी जागा मागे आहे, कड्याखाली. कपारीतून झरा पाझरतो, ते पाणी दगडी पन्हळीतून थेट गाभाऱ्यातल्या लिंगावर आणलेलं होतं. आपल्याकडे पिंडीवर गळती लावतात ना, इथे ते काम डोंगरच करायचा. पन्हळीचे तुकडे राहिलेत, लिंग नाही, पण लोक अजून येतात, पाणी डोक्यावर शिंपडतात, बाटलीत भरून घरी नेतात, म्हणून याला नुसते अवशेष म्हणायला माझं मन होत नाही.

2001 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे मोठी जत्रा भरते, तेव्हा यायचं असेल तर चंपासाकमधली खोली आधीच बुक करा.