भिंतीवरून मांडे

नमस्कार श्रोतेहो. बोलायचंय रस्त्यांबद्दल, पण आधी मांड्यांची गोष्ट.

गेल्या वैशाखात पुतण्याची वास्तुशांत होती, आपल्या बेळगावात, अनगोळच्या पलीकडं, नव्या लेआऊटमध्ये. मी मांडे घेऊन निघाले. मांडे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, जरा हिसका बसला की चुरा. हल्ली खोक्यात भरून मिळतात ते मांडे नव्हेत, गोड पापड, असो. रिक्षा थांबली. समोर पुतण्याचं घर. तोरण दिसतंय, मसालेभाताचा वास येतोय. मध्ये मात्र पुरुषभर उंच भिंत, आणि आमचा रस्ता तिथंच संपलेला! गच्चीवरून जाऊबाई ओरडल्या, "तिथनं वाट नाही ओ! मेन रोडला जाऊन फिरून या की!" फिरून म्हणजे दोन किलोमीटर, सगळे खड्डे. मांड्यांचं काय होणार? शेवटी पुतण्या पलीकडून गवंड्याच्या पिंपावर चढला, मी अलीकडून हात उंच केले, आणि मांडे भिंतीवरून गेले. मी रिक्षानं फिरून पोचले तेव्हा पहिली पंगत उठली होती.

म्हणजे बघा, रस्ता होता, जोड नव्हती. जुन्या गावात गणपत गल्लीत गर्दी दिसली की आपण मारुती गल्लीत शिरतो. एक वाट अडली तर दुसरी असते. नव्या वाढीत काय होतं? एक शेत विकलं जातं, साईट म्हणजे प्लॉट पडतात, रस्ते त्याच सर्व्हे नंबरापुरते. शेजारचं शेत चार वर्षांनी विकतं, त्याचे रस्ते वेगळे. दोघांची गाठ फक्त मेन रोडला. मग दूध आणायलाही गाडी काढा, आणि मेन रोडवर ट्रॅफिक म्हणून बोटं मोडा.

हे बेळगावपुरतं नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी २०२० साली जगभरचे रस्ते मोजून मांडले. चौकाला फाटे किती, पुढं वाट नसलेले आंधळे रस्ते किती, सरळ अंतराच्या मानानं फेरा किती. नव्या वस्त्यांत जोड कमी होत चाललीय, असं त्यांना दिसलं. पुन्हा सांगते, रस्ता आहे, जोड नाही. आणि घरं पाडून बांधता येतात, पण एकदा आखलेला रस्ता सहसा हलत नाही.

परवा पुतण्याकडं गेले होते. भिंत तशीच आहे. दोन्ही बाजूंनी कुणीतरी दगड रचून पायऱ्या केल्यात. दूधवाला तिथूनच येतो म्हणे.