बर्फ पडण्याआधीचं नारकंडा

नमस्कार श्रोतेहो. हिमाचलातल्या नारकंड्याला लोक जातात ते जानेवारी-फेब्रुवारीत, धोमरीच्या उतारावर स्की करायला. पण शिमल्यात मुक्काम असलेल्या जोडप्याने एक दिवस काढून तिथे जायचं, तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. पाऊस संपलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ आणि सफरचंदाच्या ट्रकांची गर्दी ओसरलेली. स्कीच्या उतारावर तेव्हा फक्त गवत असतं, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. या दिवसाचा सगळा जीव हाटू शिखरात आहे.

शिमला ते नारकंडा साधारण ६५ किलोमीटर. ढल्ली, कुफरी, फागू, ठियोग, मतियाना असा रस्ता. अंतर फसवं आहे, वळणांमुळे अडीच तास धराच. सकाळी सहाला निघालात तर नऊच्या आत पोचता. आठला निघणारे कुफरीच्या गर्दीत अडकतात आणि हाटूवर पोचेपर्यंत अनेकदा समोरच्या डोंगररांगांवर ढग बसलेले असतात. कुफरीला थांबणं सरळ टाळा, तिथला घोड्यांचा चिखल कुठे पळून जात नाही. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या. वळणं सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग नाही.

दोघंच असाल तर टॅक्सी महाग पडते, कारण भाडं चौघांचं तेच दोघांचं. रामपूर किंवा रेकाँग पिओकडे जाणारी हिमाचल परिवहनची बस नारकंड्याच्या बाजारात सोडते. मात्र बस हाटूवर जात नाही. बाजारातून स्थानिक टॅक्सी करा आणि वर थांबण्याचा वेळ भाड्याबरोबरच ठरवून घ्या. चालायची हौस असेल तर सात-आठ किलोमीटर आणि सुमारे ७०० मीटर चढ आहे. चढायला तीन तास धरा.

स्वतःची गाडी असेल तर आता नीट ऐका. हाटूचा रस्ता ठाणेदार गावाच्या वाटेवर फुटतो आणि जेमतेम एका गाडीपुरता आहे. समोरून गाडी आली की कोणाला तरी मागे जावं लागतं. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम खरा, पण इथे ज्याच्यामागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जाणं शहाणपणाचं. अशा वेळी एकाने स्टिअरिंगवर बसावं, दुसऱ्याने खाली उतरून कडा बघत हाताने खूण करावी. गाडीतूनच "चल, चल, आहे जागा" म्हणणाऱ्या जोडीदारावर विसंबू नका! आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा, चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घ्या. उतरतानाही तोच गिअर ठेवा. सतत ब्रेक दाबला की तो तापून पकड सोडतो. जळका वास आला तर रुंद जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्या, पाणी ओतू नका. नोव्हेंबरअखेर सावलीतल्या वळणांवर पहाटेचं दव गोठून काचेसारखा थर होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा मात्र ऊन चढल्यावरच वर निघा.

हाटू सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. शिमल्यापेक्षा इथे सात-आठ अंशांनी थंड, वर बोचरा वारा. एकच जाड कोट घालण्यापेक्षा स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी घ्या. दम लागतो, चाल मंद ठेवा. डोकं जड झालं तर पाणी पिऊन खाली उतरा.

माथ्यावर हाटू मातेचं कोरीव लाकडी देऊळ आहे आणि भीमाची चूल म्हणून दाखवले जाणारे दगड. आकाश मोकळं असेल तर ५,२२७ मीटरचं श्रीखंड महादेव शिखर दिसतं. या डोंगरधारेची गंमत अशी की उत्तरेकडचं पाणी सतलजमार्गे अरबी समुद्राकडे आणि दक्षिणेकडचं गिरी नदीतून यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जातं.

दुपारी बाजारात गरम सिड्डू खा. आंबवलेल्या कणकेत उडीद किंवा अक्रोडाचं सारण भरून वाफवतात, वर तूप. दोघांना दोन पुरतात. ताजे हवे असतील तर हाटूला जाण्याआधीच सांगून ठेवा.

एकच्या आत खाली आलात तरच पुढे १६ किलोमीटरवरच्या ठाणेदार-कोटगढला जा. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने १९१६ मध्ये तिथे रेड डिलिशस सफरचंदाची रोपं आणली आणि या डोंगरांचं अर्थकारण पालटलं. नोव्हेंबरात झाडांवर फळ नसतं, तेव्हा सफरचंदं तोडून खाण्याच्या आशेने जाऊ नका. ऑक्टोबरात असलं तरी बाग कोणाची तरी असते. उशीर झाला असेल तर कोटगढ सोडून द्या. नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ठियोगच्या अलीकडची वळणं उजेडात पार केलेली बरी. शिमल्यात शिरताना ढल्लीजवळ खोळंबा होतोच, तेव्हा थर्मासमधला शेवटचा कप चहा तिथल्यासाठी राखून ठेवा. नमस्कार.