देव असं करणार नाही?

सुरुवात एका पत्रापासून करतो. तारीख २२ मे १८६०. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक बाजारात येऊन सहा महिने होत आलेत, आणि तो अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहितोय. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती, पण डार्विनचा खंदा पाठीराखा. पत्रात विषय निघतो इक्न्यूमन नावाच्या गांधीलमाश्यांचा. यांच्या कित्येक जातींची मादी जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते. अळ्या त्याला आतून खात वाढतात, आणि सुरवंट बराच काळ जिवंत असतो. दयाळू, सर्वशक्तिमान ईश्वराने हे जाणूनबुजून घडवलं असेल, असं काही मनाला पटत नाही, असं डार्विन कबूल करतो.

आता जरा थांबा. हा युक्तिवाद कीटकशास्त्रातला आहे का? माहिती कीटकांची आहे खरी, पण निष्कर्ष उभा आहे तो ‘दयाळू देव काय करील’ या समजुतीवर. ही समजूत डार्विनच्या घरातलीच. माळावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच, तसाच सृष्टीचाही निर्माता असणारच, असं सांगणारं विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूचं पुस्तक १८०२ सालचं. तरुण डार्विन त्यावर बेहद्द खूश होता. पुढे तो भांडला तो याच घड्याळजीशी.

‘ओरिजिन’मध्येही तेच. दूरच्या सागरी बेटांवर मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणी सहसा नाहीत, वटवाघळं मात्र आहेत. निर्मात्याने तिथे नेमकी वटवाघळंच का घडवावीत, असं डार्विन विचारतो. विसाव्या शतकात स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाने पांडाचा ‘अंगठा’ पुढे केला. तो मुळात अंगठाच नाही, मनगटाचं वाढलेलं हाड आहे. शहाणा देव असली जोडाजोड कशाला करील? एलियट सोबर या तत्त्वज्ञाचा आक्षेप यावरच आहे: देवाचा बेत तुम्हाला कुठून कळला? आणि आपल्याकडे तर ‘त्याची लीला’ म्हटलं की संपलं! लीला करणाऱ्याला तुम्ही ‘असं का केलंस’ म्हणून काय विचारणार?

मग उत्क्रांतीचा पुरावा ढासळला का? मुळीच नाही. जिराफाच्या स्वरयंत्राकडे जाणारा एक मज्जातंतू बघा. मेंदूकडून निघतो, स्वरयंत्राजवळून खाली जातो, छातीत उतरून महाधमनीला वळसा घालतो आणि तीच मान पुन्हा चढून वर येतो. वीतभर अंतरासाठी कित्येक फुटांची पायपीट. ‘देव असला अडाणी वायरमन असेल का?’ या प्रश्नाला सभेत हमखास हशा मिळतो. मी स्वतः तो मिळवलेला आहे. पण विनोद बाजूला ठेवा. माशांत याच्याशी जुळणारा तंतू रक्तवाहिनीच्या मागून कल्ल्यांकडे जातो, आणि तिथे हा रस्ता सरळच आहे. पुढच्या पिढ्यांत मान आली, हृदय खाली सरकलं, तंतू मात्र रक्तवाहिनीखाली अडकलेलाच राहिला. आपल्याही गळ्यात तो तसाच आहे. थायरॉइडचं ऑपरेशन करणारे सर्जन त्याला जपूनच सुरी चालवतात. हे सगळं समजायला पूर्वज एक होते एवढं धरलं की पुरतं, देवाच्या स्वभावाची चौकशी लागत नाही. बेटांवरच्या वटवाघळांचंही तसंच: ती उडत आली, उंदराला समुद्र ओलांडता आला नाही.

देवाच्या मनाविषयी तर्क करण्यातली ही अडचण डार्विनला दिसत होती, असं मला वाटतं. ग्रेला लिहिलेल्या त्याच पत्रात पुढे तो म्हणतो, हा विषय माणसाच्या बुद्धीपलीकडचा आहे. कुत्र्याने न्यूटनच्या मनाबद्दल तर्क लढवावेत, तसंच हे.