दोन बोटं, दहा अंश

युववाणीच्या श्रोत्यांना नमस्कार. मघाशी रेकॉर्डिंग करणाऱ्या काकांनी मला दोनदा सांगितलं, "जरा हळू बोल, माईक आहे." मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत दिवसरात्र माग चालतात, त्यामुळे मोठ्यानं बोलायची सवय अंगातच आहे. तरी सांभाळून बोलते.

यंदा माझी बारावी झाली, सीईटीही दिली, आणि आता मला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचं आहे. हे घरात सांगितल्यापासून जो येतो तो एकच विचारतो, "कॉम्प्युटर का नको?" मामा तर म्हणाला, "पोरीच्या जातीनं ग्रीसमध्ये हात घालायचे?" आईनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "वीस वर्षं मी कांड्या भरते आहे, माझ्या हाताला काय अत्तर लागतं का?" मामा गप्प बसला.

माझे पप्पा जॉबर आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: यंत्रमागाच्या कारखान्यात माग बिघडला की तो लावून देणारा माणूस म्हणजे जॉबर. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथं सूत जितकं लागलं तितकीच जॉबरची गरज लागली. पप्पा सातवी शिकलेले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मागाच्या सांगाड्याला आणि मूठ कानाला लावतात, दोन मिनिटं डोळे मिटतात आणि नेमकं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात.

साध्या मागात धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारं होडीसारखं लाकूड, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फेकला जातो. त्याच्या पोटात कांडी, कांडीवर आडवं सूत. मिनिटाला साधारण 120 वेळा हा मार बसतो. धोटा निघायचा तो क्षण चुकला की तो पलीकडच्या पेटीत नीट बसत नाही, सूत तुटतं, आणि कधी कधी धोटा मागाबाहेर उडतो. उडालेला धोटा लागला की काय होतं ते आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

हा क्षण पप्पा कसा जुळवतात? मागाच्या मुख्य दांड्याला, क्रँकशाफ्टला, एक बाक असतो, त्याला क्रँक म्हणतात. दांड्याच्या टोकाला एक चाक असतं. ते हातानं फिरवतात, क्रँक अगदी खाली आला की चाकावर खडूची एक खूण, धोट्याला मार देणारा पिकर हलायला लागला की दुसरी. दोन खुणांमध्ये दोन बोटांचं अंतर आलं पाहिजे. त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं माप हे, दोन बोटं.

अकरावीच्या सुट्टीत त्यांना दुसऱ्या एका कारखान्यात बोलावलं होतं. तिथले माग वेगळ्या बनावटीचे. पप्पांनी दोन बोटं लावली, माग सुरू केला, आणि धोटा पेटीत आपटून मागं यायला लागला. दुपारभर खटाटोप झाला. शेवटी कंटाळून त्यांनी अंतर दीड बोट केलं आणि माग सुरळीत चालला. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "त्या मागाला दीड बोट लागतं." का लागतं ते त्यांना सांगता येईना, आणि मला ते काही केल्या सोडवेना.

दुसऱ्या दिवशी मी डबा पोचवायच्या निमित्तानं टेप घेऊन गेले. नेहमीच्या मागाच्या चाकाची त्रिज्या 20 सेंटीमीटर. पप्पांची दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटीमीटर. साडेतीनला वीसनं भागलं आणि अंशात आणलं, तर आले 10 अंश. मग नव्या मागाचं चाक मोजलं, त्रिज्या 15. दीड बोट म्हणजे अडीच सेंटीमीटरहून थोडं जास्त. भागाकार केला, पुन्हा 10 अंशांच्या आतबाहेरच! चाक लहान, म्हणून बोटं कमी. कोन तोच होता. वर्गात चापाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन हे सूत्र मी पाठ केलं होतं, एका मार्कासाठी. ते असं ग्रीस लागलेल्या चाकावर भेटेल असं वाटलं नव्हतं.

मग वहीत हिशेबच सुरू झाले. चाक मिनिटाला 120 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 720 अंश. एक अंशाची चूक म्हणजे सेकंदाच्या 720 व्या भागाची चूक. लहान चाकावर दोन बोटं लावली तेव्हा कोन साडेतेरापर्यंत गेला होता, म्हणजे धोटा सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागानं उशिरा निघत होता. एवढ्यानं दुपार वाया गेली. पप्पांचं बोट इतकं बारीक मोजतं हे पप्पांनाही माहीत नव्हतं.

दुसरा हिशेब तर मला झोपू देईना. धोटा कांडीसकट साधारण 400 ग्रॅमचा. एका फेरीत तो किती सूत टाकतो? 40 काउंटचं सूत (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) एका ग्रॅममध्ये साधारण 67 मीटर बसतं. कापडाची रुंदी सव्वा मीटर धरली तर एका फेरीचं सूत 19 मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे वीस हजारपट जड लाकूड फेकायचं, पलीकडं थांबवायचं, परत फेकायचं, आणि कशासाठी, तर केसाएवढ्या धाग्यासाठी! जॉन के यांनी इंग्लंडमध्ये 1733 साली धोटा असा फेकायची युक्ती काढली, आणि आमच्या गल्लीत ती अजून चालू आहे. एअरजेट नावाच्या नव्या मागांमध्ये धोटाच नाही, हवेच्या झोतानं धागा जातो, मिनिटाला 600 च्या पुढं. पण तिथं कॉम्प्रेसरचं वीजबिल भरताना मालक कपाळाला हात लावतो. ही सगळी ओढाताण ज्या विषयात शिकवतात तो मला शिकायचाय. यंत्रांची गती, कंपनं, घर्षण.

आता बेताचं सांगते. पहिली पसंती सांगलीचं वालचंद, 1947 सालचं कॉलेज, घरून बसनं जाता येतं. नाही मिळालं तर गावातच आहे सोय. फीचं म्हणाल तर वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ठराविक प्रवर्गांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, 2024-25 पासून. ऐकणाऱ्या मुलींनो, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी सर्व्हर बंद असतो.

ड्रॉइंगची मला धास्ती आहे. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं, रंग नीट ओळखता येईनात म्हणून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले, हे वाचलं तेव्हा बरं वाटलं. माझे रंग ठीक आहेत, रेषा वाकड्या येतात.

आणखी एक खटपट चालू आहे. मोबाईलमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो. फिजिक्सच्या सरांचा जुना फोन मी मागाच्या सांगाड्यावर रबरानं बांधला. पडद्यावर दर अर्ध्या सेकंदाला एक शिखर, डावा मार, उजवा मार. एका मागावर एक शिखर उंच, एक बुटकं दिसलं. पप्पांना दाखवलं तर म्हणाले, "उजवीकडचा पिकर झिजलाय, आवाज येतोय की." म्हणजे फोन त्यांच्याएवढा हुशार व्हायला वेळ आहे. पण रातपाळीला प्रत्येक मागापाशी जॉबर उभा नसतो, फोन बांधून ठेवता येतो.

साधे माग किलोवर भंगारात जाताना मी रोज बघते. पप्पाही बघतात. परवा जेवताना त्यांनी विचारलं, "त्या एअरजेटला किती बोटं लागतात गं?" मी म्हटलं, "पप्पा, त्याला बोटं नाहीत, पडद्यावर अंशाचा आकडा टाकायचा." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, थोडा वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "आणि तो आकडा कितीचा, हे कोण ठरवतं?"

मला येत नव्हतं. नमस्कार.