बोस्टनचा चहा आणि तीन पेन्सचा कर

(दृश्य: हिवाळ्यातली रात्र, बंदराचा धक्का)

१६ डिसेंबर १७७३. अमेरिकेतल्या बोस्टन बंदरात तीन जहाजं उभी आहेत: डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर. त्यांत चहाच्या सुमारे ३४० पेट्या. चहा चीनचा, मालक ईस्ट इंडिया कंपनी.

हो, तीच कंपनी. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं अन्नावाचून मरत होती, तरी तिची महसूलवसुली सुरूच होती. १७७३ मध्येच शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुढे राघोबादादांच्या बाजूने उतरली तीही हीच.

त्या वेळी ती कर्जात बुडाली होती आणि लंडनच्या वखारींत तिचा चहा पडून होता. ब्रिटिश संसदेने तिच्यासाठी कायदाच केला: चहा थेट अमेरिकेत न्या, तुमच्या नेमलेल्या अडत्यांमार्फत विका. त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता. मग लोक का पेटले?

कारण चहाच्या दर पौंड वजनामागे तीन पेन्सचा कर तसाच होता. ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही, तिने लावलेला कर स्वस्ताईच्या मोहाने मान्य करायचा? शिवाय व्यापारी धास्तावले होते. आज चहाचा मक्ता दिला, उद्या आणखी कशाचा देतील?

फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या अडत्यांनी अंग काढून घेतलं. बोस्टनमध्ये मात्र अडत्यांत गव्हर्नर टॉमस हचिन्सनचे दोन मुलगे होते. ते हटेनात. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, असा नियम होता आणि डार्टमथची मुदत संपत आली होती. चहा न उतरवता जहाज परत जाऊ द्या, ही लोकांची मागणी; ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक तिच्या निकालाची वाट पाहत होते. संध्याकाळी गव्हर्नरचा निरोप आला: जहाज परत जाऊ देणार नाही.

(दृश्य: मशाली, कुऱ्हाडी)

तोंडाला काजळी फासून, मोहॉक आदिवासींचा वेश करून माणसं जहाजांवर चढली. तीनेक तासांत प्रत्येक पेटी फोडली, चाळीस टनांहून जास्त चहा पाण्यात गेला. ओहोटी होती, त्यामुळे चहाचे ढीग जहाजांच्या कडेलाच साचले; तेही त्यांनी ढकलून दिले. बाकी मालाला कुणी हात लावला नाही. या शिस्तीमुळेच ती रात्र मला नुसत्या दंगलीपेक्षा फार मोठी वाटते.

लंडनने भरपाई मिळेपर्यंत बंदर बंद केलं. १ जून १७७४ पासून बोस्टनचा व्यापार थांबला, तेव्हा अमेरिकेतल्या इतर ब्रिटिश वसाहतींनी तिथे धान्य पाठवलं. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले आणि त्यांनी ठरवलं: १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल घ्यायचा नाही.