शांतिनिकेतनची सातवीण

पश्चिम बंगालमधील बोलपूरजवळच्या उजाड माळावर रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ साली वीस बिघे जमीन पट्ट्याने घेतली, ती तिथल्या दोन सातविणींच्या सावलीत त्यांना लाभलेल्या शांततेमुळे, असे सांगितले जाते. भोवतीची जमीन तांबडी, जांभ्याची. पावसाने माती धुपून पडलेल्या तिच्या घळींना इथले लोक ‘खोआई’ म्हणतात. आज इथल्या, म्हणजे शांतिनिकेतनच्या, विश्वभारती विद्यापीठाच्या आवारात दिसणारी आंबराई, शालवृक्षांची रांग आणि बकुळीची वाट माणसांनी लावून, पाणी घालून वाढवलेली आहे, त्यामुळे या हिरवाईला केवळ निसर्गाची देणगी म्हणणे हा ती लावणाऱ्यांवर अन्याय होईल.

त्या मूळच्या सातविणी आता राहिलेल्या नाहीत. ‘छातिमतला’ (बंगालीत छातिम म्हणजे सातवीण) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जागी दोन नवी झाडे लावलेली असून, ‘प्राणाचा विसावा, मनाचा आनंद, आत्म्याची शांती’ या अर्थाची बंगाली ओळ तिथे कोरलेली आहे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिवाळीच्या सुमारास जिच्या उग्र वासाबद्दल तक्रारी होतात, तीच ही सातवीण.

रवींद्रनाथांनी १९०१ साली इथे शाळा काढली, तेव्हापासून मुले आसने घेऊन झाडांखाली वर्गाला बसू लागली. नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर १९१३ साली त्यांचा सत्कार झाला तोही आंबराईतच. पुढे पदवीधरांना सातविणीची पाने देण्याची प्रथा पडली. परंतु त्यांची संख्या वाढत गेली, तशी एवढी पाने तोडणे झाडांना सोसणारे नव्हते, म्हणून आता सर्वांच्या वतीने प्रतीकरूपाने एकच पान स्वीकारले जाते. प्रथा आखडली अशी खंत कोणी करीलही, पण झाड ओरबाडून त्याचा मान राखण्यापेक्षा हा बदल रवींद्रनाथांच्या विचाराला अधिक धरून आहे.

कारण झाड लावणे हाच त्यांनी उत्सव केला होता. १९२८ च्या पावसाळ्यात झालेल्या पहिल्या वृक्षारोपणाला त्यांनी सूनबाई प्रतिमादेवींच्या कुंडीतले बकुळीचे रोप निवडले होते. आता हा सोहळा बंगाली पंचांगाप्रमाणे दरवर्षी बावीस श्रावणाला, म्हणजे रवींद्रनाथांच्या स्मृतिदिनी होतो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या श्रीनिकेतनात नांगर धरून हलकर्षणाचा उत्सव साजरा केला जातो.